वाचक विचारतात : हप्ता भाड्यातून निघेल ना?

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती, दुसरं घर घेऊन भाड्याने द्यायचा विचार असेल तर प्रश्न पाठवा म्हणून. पत्रं एवढी आली की दोन दिवस नुसती वाचतच बसले. निम्म्या पत्रांत एकच वाक्य, "भाड्यातून हप्ता निघेल ना ताई?" म्हणून सुरुवात तिथूनच. आधीच सांगते, मी वकील नाही, सीए नाही, २००६ सालापासून घर भाड्याने देऊन देऊन, ठेचा खाऊन शिकलेली बाई आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. वय ३४, आयटीत आहे, राहायला आईबाबांचं घर आहे. वाघोलीत रिसेलचा टू बीएचके बघितलाय, ६५ लाख. माझ्याकडे २५ लाख जमलेत, ४० चं लोन घेईन. ब्रोकर म्हणतो २० हजार भाडं आरामात येतं, म्हणजे हप्ता जवळपास भाड्यातूनच जाईल. घेऊन टाकू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : थांबा, आधी कागद-पेन घ्या. ४० लाख, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं, हप्ता बसतो ३४,७०० च्या आसपास आणि भाडं येणार २० हजार, म्हणजे तुमच्या त्या "जवळपास" मध्ये जवळजवळ पंधरा हजारांचा खड्डा आहे आणि तो दर महिन्याला पगारातून बुजवायचाय. त्याहून गंमत म्हणजे पहिल्या हप्त्यात नुसतं व्याजच २८,३३३ रुपये असतं, म्हणजे भाडं व्याजालासुद्धा पुरत नाही, मुद्दल तर लांबच राहिलं.

दुसरं, २५ आणि ४० मिळून ६५ झाले, पण घर ६५ ला पडत नाही हो. पुण्यात स्टँप ड्युटी सगळं धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ५५ हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार. हे पैसे सहसा लोनमध्ये धरत नाहीत, खिशातून जातात. मग पंखे, गीझर, किचन ट्रॉली, एखादं कपाट, रंग, ब्रोकर, यात अडीच लाख सहज जातात. सगळं मिळून सव्वाबहात्तर लाखांच्या वर गेलात. हे वरचे सात लाख कुठून येणार ते ठरलंय का? नसेल तर शेवटच्या आठवड्यात पर्सनल लोन काढायची वेळ येते आणि ते व्याज साडेआठ नसतं. (आणि व्यवहार ५० लाखांच्या वर आहे, त्यामुळे विकणाऱ्याला देताना १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या टॅक्सचा आगाऊ भाग, कापून तुम्ही सरकारकडे भरायचाय, हे ब्रोकर सांगत नाही आणि नोटीस मात्र तुम्हाला येते.)

आता भाड्याकडे वळू. २० हजार गुणिले बारा, २ लाख ४०. ब्रोकर याला ६५ लाखांनी भागतो आणि पावणेचार टक्के सांगतो. मी काय करते बघा. वर्षात एक महिना घर रिकामं धरते, कारण एक जातो आणि दुसरा येतो त्यात तेवढं होतंच, उरले २ लाख २०. मेंटेनन्स समजा २,८०० महिना, म्हणजे ३३,६००. मिळकतकर १२ हजार धरू. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्के सवलत असते, घर भाड्याने दिलं की ती नाही, हे लक्षात ठेवा. भाडेकरू शोधायचे ब्रोकरला १० हजार, नळ, फ्लश, वायरिंग वगैरे किरकोळ १० हजार. हातात उरले १ लाख ५४ हजार. हे त्या सव्वाबहात्तर लाखांवर मोजा, दोन टक्क्यांच्या जरासं वर येतं. तेही इन्कम टॅक्सच्या आधी.

मग लोक घेतातच का, असं विचाराल. भाव वाढेल म्हणून घेतात. चालेल, त्यात चूक काहीच नाही, पण मग ते भाड्याचं उत्पन्न नाही, भाव वाढेल यावर लावलेला पैसा आहे, आणि तो वाढेपर्यंत दरमहा पंधरा हजार घालत राहायची तुमची तयारी हवी, नोकरी बदलली तरी, मंदी आली तरी. माझं मत विचाराल तर हेच ६५ लाख ४८ चे असते, म्हणजे जुन्या पण चांगल्या सोसायटीतला वन बीएचके, तर मी घ्या म्हटलं असतं. किंमत कमी होते त्या मानाने छोट्या घराचं भाडं कमी होत नाही.

आणि ते २० हजार ब्रोकरच्या तोंडचे धरू नका. त्याच सोसायटीत भाडेकरू म्हणून फोन लावा, दोन-तीन घरं बघायला जा, घासाघीस करा, खरा आकडा आपोआप कळतो. मग खाली येऊन वॉचमनशी दोन मिनिटं बोला, किती फ्लॅट रिकामे आहेत आणि किती महिने झाले. बिचारा खरं सांगतो, त्याला काही विकायचं नसतं.

प्रश्न : घर बायकोच्या नावावर घेतलं तर टॅक्स वाचतो म्हणतात, खरं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अर्धं खरं. नुसत्या बाईच्या नावावर खरेदी असेल तर महाराष्ट्रात स्टँप ड्युटी १ टक्का कमी लागते, ६५ लाखांवर ६५ हजार वाचतात, ते वाचवा. पण पैसा तुमचा आणि नाव तिचं असेल तर इन्कम टॅक्सवाले भाडं तुमच्याच उत्पन्नात धरतात, त्यामुळे "बायकोला टॅक्स नाही म्हणून भाडं टॅक्स फ्री" हे होत नाही. तिचा स्वतःचा पैसा असेल तर प्रश्नच नाही. आणि ताईंना एकदा विचारलंत का, घर त्यांच्या नावावर होतंय तर कुठलं घ्यायचं ते?

प्रश्न : आमच्या सासूबाईंचा ठाम विरोध आहे. म्हणतात भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही, बारा वर्षं झाली की घर त्याचं. त्यामुळे मिस्टरांचा फ्लॅट तीन वर्षं कुलूप लावून पडलाय. खरंच असा कायदा आहे का? आणि अकरा महिन्यांचाच करार का करतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सासूबाईंना वेड्यात काढू नका, त्यांनी जे बघितलं ते खरंच होतं. १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, त्यात जुन्या भाडेकरूचं भाडं गोठलेलं, मालकाला घर परत मिळवणं म्हणजे कोर्टात पिढी घालवणं. म्हणून लोकांनी शक्कल काढली की भाडेकरू म्हणायचंच नाही, "लायसन्स" द्यायचं, म्हणजे नुसती राहायची परवानगी. तर १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर घरात होते ते सगळे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. विचार करा, चार महिन्यांसाठी ओळखीच्याला घर दिलेलं आणि एक दिवस कळतं की तो आता जात नाही. ती धास्ती घराघरांत बसली, पेठेतले वाडे आणि गिरगावातल्या चाळी बघून अजून पक्की झाली, आणि तेव्हापासून आपल्याकडे कुलूप हाच सगळ्यात सुरक्षित भाडेकरू समजला जातो.

पण ते गेलं आता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्यात लिव्ह अँड लायसन्सवर घर दिलं आणि मुदत संपली की जागा सोडायचीच, नाही सोडली तर त्यासाठी वेगळा सक्षम प्राधिकारी आहे, नेहमीच्या दिवाणी कोर्टाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई मागता येते. बारा वर्षांची गोष्ट आहे ती कोणी मालकाच्या परवानगीशिवाय, मालकी झुगारून उघड उघड ताबा ठेवला तर. तुमच्या परवानगीने, करार करून राहणाऱ्याला ती लागू होत नाही, पंचवीस वर्षं राहिला तरी.

अट एकच, करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे. आता तुमचे अकरा महिने. ही सवय आली रजिस्ट्रेशन कायद्यातून, एक वर्षाच्या आतला भाडेकरार असेल तर नोंदणी सक्तीची नाही म्हणून. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ आहे, ते म्हणतं अकरा महिने असो की अकरा दिवस, करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे, नोंदवलेला करार नसला आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते आधी खरं धरायचं, आणि खोटं असल्याचं तुम्ही सिद्ध करायचं. स्टँपपेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला की झालं, असं सांगणारे इस्टेट एजंट अजून आहेत. सरळ दुसरा एजंट बघा.

खर्च किती तर ऐका. २० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट, अकरा महिने. पूर्ण भाडं २ लाख २० हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून साडेपाच हजार, या बेरजेवर पाव टक्का स्टँप ड्युटी, म्हणजे सहाशेच्या आत. शहरात नोंदणी फी १ हजार. आजकाल माणूस घरी येतो, आधार आणि अंगठा, दहा मिनिटांत काम, त्याची फी वेगळी. आणि अकराच महिने करा असं कोणी सांगितलेलं नाही, ६० महिन्यांपर्यंत याच दराने करता येतो. मी ३३ महिन्यांचा करते, दर अकरा महिन्यांनी किती वाढ ते आतच लिहून टाकते, नोटीस एक महिन्याची. सासूबाईंना हे वाचून दाखवा. तीन वर्षं कुलूप म्हणजे किती लाख गेले तो हिशोब मात्र त्यांच्यासमोर नका करू.

प्रश्न : पोलिस व्हेरिफिकेशन लागतंच का? भाडेकरू ओळखीचा आहे.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : लागतं. ओळखीचा असो की मेव्हणा असो. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन माहिती भरता येते, पावती जपून ठेवा. उद्या काही झालं तर आधी मालकाला बोलावतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत भाडेकरू ठेवला की १,५०० रुपये महिना जास्त घेतात, शिवाय बॅचलर मुलांना फ्लॅट द्यायचा नाही असा ठराव केलाय. मी इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेला फ्लॅट, जवळ कॉलेज आहे, मागणी सगळी मुलांचीच. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पैशाचं आधी, कारण ते सोपं आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर या जादा पैशांना बिनभोगवटा शुल्क म्हणतात आणि १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्काच्या हं, पूर्ण बिलाच्या नाही. वॉचमनचा पगार, जिन्यातली लाइट, ऑफिस खर्च अशा गोष्टी त्यात येतात, मिळकतकर आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे) येत नाहीत. तुमचं सेवाशुल्क १,६०० असेल तर १६० रुपये. दीड हजार कुठून आले ते लेखी विचारा, नाहीच ऐकलं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज. घरात मुलगा-मुलगी, आईवडील असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हेही लागत नाही.

बॅचलरचं अवघड आहे. सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. असला ठराव कायद्यापुढे टिकायचा नाही. पण कायदा तुमच्या बाजूने असला तरी चेअरमन तुमच्या मजल्यावर असतो, आणि रोज रात्री अकराला त्या पोरांच्या दारावर कोणीतरी जाऊन थापा मारायला लागलं की पोरंच दोन महिन्यांत पळतात. म्हणून मी नव्या लोकांना सांगते, फ्लॅट घ्यायच्या आधी सोसायटीच्या नोटीस बोर्डसमोर पाच मिनिटं उभं राहा, तिथे लागलेल्या नोटिसा वाचल्या की त्या बिल्डिंगचा स्वभाव कळतो. तुम्ही तर घेऊन बसलात. आता मुलांचं एक काम करा, एकाच्या नावावर करार नको, राहणारे सगळे करारात घाला, पालकांचे फोन नंबर घ्या, आणि स्वतः एकदा त्यांना घेऊन चेअरमनकडे चहाला जा. हसू नका, याने निम्मं भांडण मिटतं.

प्रश्न : मी नाशिकलाच राहते. (वरचा प्रश्न माझा नाही!) निवृत्तीचे पैसे आलेत, सगळे म्हणतात पुण्यात घे, तिथे भाडं चांगलं. की इथेच घेऊ?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इथेच. भाडं थोडं कमी आलं तरी. सांगते का ते. माझा दुसरा फ्लॅट मी राहते तिथून साडेतीन तासांवर घेतला, स्वस्त होता म्हणून. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या घराच्या छतातून पाणी गळतंय असा फोन, म्हणून गेले, प्लंबर आलाच नाही, परत आले. पुन्हा गेले तर भाडेकरू गावाला, किल्ली त्याच्याकडे. तिसऱ्यांदा प्लंबर आला, म्हणाला बाथरूमची फरशी काढावी लागेल. त्या सहा महिन्यांत एसटीच्या तिकिटांवर आणि लोकांच्या पाया पडण्यात जे गेलं ते कुठल्याच हिशोबात धरलेलं नव्हतं. ज्या घरापर्यंत तुम्ही तासाभरात पोचता तेच घर घ्या. आणि जागा बघताना आपल्याला आवडतं का ते बघायचं नाही, भाडेकरू कुठून येणार ते बघायचं. सातपूर-अंबडला कामाला जाणारा, हॉस्पिटलातल्या नर्स, कॉलेजची मुलं, बदलीवर आलेले बँकवाले, यातलं कोण येईल? गार्डन व्ह्यू भाडेकरूला दिसत नाही, त्याला बस स्टॉप, पाणी आणि दुचाकी लावायची जागा दिसते.

निवृत्तीचे सगळे पैसे मात्र घरात घालू नका. अर्धं घर विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

प्रश्न : बिल्डर म्हणतोय लोणावळ्याजवळ सेकंड होम घ्या, तीन वर्षं गॅरंटीड रेंट आम्ही देतो, वर्षाला १० टक्के.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : ते भाडं तुमच्याच पैशातून येतंय. किमतीत तेवढं आधीच चढवलेलं असतं. चौथ्या वर्षी काय, हे लेखी मागा.

प्रश्न : अंडर कन्स्ट्रक्शन स्वस्त मिळतंय. भाड्यासाठी घेऊ का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : भाड्यासाठी रेडी. तयार होईपर्यंत भाडं शून्य आणि हप्ता मात्र चालू. वर ५ टक्के जीएसटी (४५ लाखांच्या आतलं छोटं घर असेल तर १), पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही. मग "स्वस्त" किती उरलं ते बघा. रेडी घेतानाही भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, ओसी नाही आणि पाणी टँकरचं, अशा बिल्डिंगा भरपूर आहेत. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि मेंटेनन्स कोण भरतो? तुम्ही.

प्रश्न : भाड्यावर टॅक्स कसा लागतो जरा सोपं करून सांगा. सीएने सांगितलं ते डोक्यावरून गेलं.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वर्षभर मिळालेलं भाडं घ्या, त्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा करा, जे उरेल त्यातले ३० टक्के सरकार न विचारता सोडतं, दुरुस्ती वगैरेसाठी म्हणून, पावत्या नकोत. मग तुम्ही दुरुस्तीवर पाच रुपये घालवा नाहीतर पन्नास हजार, तेवढेच. मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही, इथे लोक चुकतात. त्यानंतर लोनचं व्याज वजा.

वरच्या वाघोलीवाल्यांचंच बघा. २ लाख ४० मधून १२ हजार कर गेला, २ लाख २८. त्याचे ३० टक्के ६८,४०० गेले, राहिले १,५९,६००. पहिल्या वर्षीचं व्याज ३ लाख ३७ हजारांच्या आसपास, म्हणजे हिशोबात पावणेदोन लाखांच्या वर तोटा. जुन्या पद्धतीत हा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता यायचा, अजूनही जुनी निवडलीत तर येतो. नव्या टॅक्स पद्धतीत पगारातून वजा होत नाही. आणि आता बहुतेक सगळे नव्या पद्धतीत आहेत. "लोन घ्या, टॅक्स वाचतो" हे वाक्य दहा वर्षांपूर्वीचं आहे, अजून तसंच फिरतंय.

प्रश्न : मी दुबईत असतो, डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने दिलाय. भाऊ बघतो सगळं. भाडेकरू म्हणतो टीडीएस कापावा लागेल, खरंय का? भाडं फक्त १८ हजार आहे.
— एक वाचक, दुबई

उत्तर : भाडेकरू शहाणा आहे, त्याला सांभाळा. मालक इथे राहणारा असेल तर भाडेकरूला महिना ५० हजारांच्या वर भाडं असल्याशिवाय टीडीएसची भानगड नसते, आणि तेव्हाही २ टक्के. पण मालक अनिवासी असला की किमान मर्यादाच नाही, ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के, १८ हजार असो की आठ हजार. त्यासाठी त्याला टॅन नंबर (टीडीएस कापणाऱ्याचा वेगळा नंबर) काढावा लागतो, म्हणून बरेच जण एनआरआयचं घर घ्यायलाच नको म्हणतात. तुमचं भारतातलं उत्पन्न तेवढंच असेल तर आयकर खात्याकडून कमी दराने कापायचं सर्टिफिकेट मिळतं, नाहीतर रिटर्न भरून परत मागा. भाडं भावाच्या खात्यात घेऊन मोकळं व्हायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, तो घेऊ नका. भावाच्या नावे मुखत्यारपत्र मात्र नीट करून ठेवा, करारावर अंगठा त्यालाच द्यायचाय.

प्रश्न : एक पार्टी १० लाख हेवी डिपॉझिट देतेय, भाडं नाही. घ्यावं का? बाजारात भाडं १५ हजार आहे.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : १० लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७० हजार, महिन्याला ५,८०० आणि काही. भाडं १५ हजार. आकडे तुमच्यासमोर आहेत. हेवी डिपॉझिट घेतो तो ज्याला एकदम पैसे हवेत तो, कोणाचं तरी लग्न, कोणाचं तरी लोन फेडायचं. आणि खरी अडचण परत देताना. मुदत संपली, तो दारात उभा, पैसे तुमच्याकडे नाहीत, मग तो घर सोडत नाही आणि त्याचं तरी काय चुकलं? घेतलंच तर सगळं बँकेतून घ्या. २० हजार किंवा वर डिपॉझिट रोख घेणं इन्कम टॅक्सला चालत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा बसतो.

प्रश्न : भाडं देत नाही, फोन उचलत नाही. करार रजिस्टर्ड आहे. लाइट तोडू का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अजिबात नको. कुलूप बदलणं नको, पाणी बंद नको, सामान बाहेर तर मुळीच नको. भाडेकरूचं पाणी-वीज तोडण्याला याच भाडे कायद्यात शिक्षा लिहिलेली आहे, म्हणजे आज तुमची बाजू पक्की आहे ती तुम्हीच घालवून बसाल. वकिलाकडून करार संपवल्याची नोटीस पाठवा, डिपॉझिटमधून महिने मोजा आणि नाही हलला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, तिथे नोंदवलेला करार हाच मोठा पुरावा, म्हणून तर वर एवढं पुराण लावलं. वेळ लागतो, खोटं कशाला बोलू. म्हणून डिपॉझिट दोन महिन्यांचं घेणाऱ्यांना मी तीन घ्या म्हणते.

लाइटवरून आठवलं. २००६ चे माझे पहिले भाडेकरू अतिशय गोड माणसं, जाताना डोळ्यात पाणी वगैरे, मी डिपॉझिट लगेच हातात दिलं. आठ दिवसांनी वीज बिल आलं, चार महिन्यांची थकबाकी. मीटर माझ्या नावावर, भरलं मी. गीझरही गेला होता, तो तर महिन्याभराने कळलं, कारण यादीच केली नव्हती की घरात काय काय दिलंय. तेव्हापासून किल्ली देताना आणि घेताना घराचा व्हिडिओ, मीटरचा फोटो, वस्तूंची यादी दोघांच्या सह्यांनी, आणि डिपॉझिट शेवटचं बिल भरल्यावर. डोळ्यात पाणी आलं तरी.

प्रश्न : माझ्याकडे आठच लाख आहेत. भाड्याचं उत्पन्न मिळेल असं काही?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : आठ लाखांत गुंठेवारीतली खोली कोणीतरी दाखवेल, बघायलाही जाऊ नका. शेअर बाजारात रीट नावाचा प्रकार आहे, मोठमोठ्या ऑफिसांच्या इमारतींचं भाडं वाटून देतात, वाटपायोग्य पैशातला ९० टक्के भाग वाटायचाच असा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. पहिलं रीट २०१९ मध्ये आलं. भाव खालीवर होतो, शेअरसारखाच. पण तिथे फ्लश गळत नाही. थोडेच घाला, दोन वर्षं बघा.

प्रश्न : भाडेकरू चांगला आहे, वेळेवर देतो, घर स्वच्छ ठेवतो. करार संपतोय. बाजारात दीड हजार जास्त मिळतील असं एजंट म्हणतो. वाढ मागू का, नाही दिली तर काढू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वाढ मागा, करारात ठरली असेल तेवढी, पाच टक्के म्हणा. पण दीड हजारासाठी काढू नका. दीड हजार गुणिले बारा, १८ हजार. तो गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं तर समजा २० हजारांचं भाडं तिथेच गेलं, नव्याला शोधायला एजंटला १० हजार (म्हणूनच तो सांगतोय!), नवा करार, नवी नोंदणी. आणि रंग द्यावा लागेल तो तर मी अजून धरलेलाच नाही.